दगड समजून

मालवणला आलेला पर्यटक देवळाच्या पायरीशी चपला न चुकता काढतो. सिलिंडर पाठीला लावून पाण्याखाली गेला, की मात्र समोरच्या ‘दगडा’वर निवांत उभा राहतो. कॅमेऱ्यासमोर अंगठा वर, पाय खाली.

तो दगड जिवंत असतो. प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांनी बांधलेली चुन्याची चाळ. घुमटासारख्या वाढणाऱ्या जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर चढतात. म्हणजे टाचेखाली मोडलेला वीतभर तुकडा पर्यटकाच्या कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांच्या वयाचा! सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ वाघाच्या पंगतीला बसलंय. ताडोबात वाघाच्या पाठीवर उभं राहून सेल्फी काढायची हौस कुणाला होत नाही, कारण वाघ उलट उत्तर देतो.

शिष्टाचार तसा सोपा. हात छातीशी, पाय तळापासून वर, उचलायचं काही नाही. माशांना ब्रेड भरवायचा नाही. शैवाल कुरतडून प्रवाळाला मोकळा श्वास देणाऱ्यांना आयतं खाऊ घातलं, तर साफसफाई कोण करणार?

पलाऊ या चिमुकल्या देशाने तर प्रवाळाला घातक सनस्क्रीनवर 2020 पासून बंदी आणली. आपल्याकडे पर्यटक अंगभर क्रीम फासून पाण्यात उडी मारतो. बोटात मंगळासाठी पोवळ्याची अंगठी असतेच. ते पोवळं वेगळ्या जातीचं, पण प्रवाळच. त्याला मात्र तो जिवापाड जपतो.