हा काही परत यायचा नाही

आमच्या आजीला इंग्रजी येत नव्हतं. विज्ञानाशी तिचा संबंध कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापुरता. माणूस वर आकाशात जातो हे तिला मान्य होतं, पण ते तेराव्यानंतर. तरीही १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागलं, की ती तांदूळ निवडायचं ताट मांडीवर घेऊन आम्हा पोरांत येऊन बसायची. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत तो कार्यक्रम समजणारं कुणी नव्हतं. पण पुढे काय होणार हे सांगणारी एकटी आजी होती.

एंटरप्राइज नावाचं जहाज कुठल्याशा नव्या ग्रहापाशी थांबायचं. कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक, डॉक्टर मॅकॉय आणि सोबत एखादा अनोळखी पोरगा असे सगळे उभ्या जागी चमचमत नाहीसे व्हायचे आणि खाली ग्रहावर उगवायचे. आजी एक खडा उचलून बाजूला टाकायची, त्या पोराकडे चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "हा काही परत यायचा नाही."

आणि तो यायचा नाही. कधी एखादं फूल त्याच्यावर विषारी काटे सोडायचं, कधी एक ढग येऊन त्याचं रक्त शोषायचा. कर्क दोन मिनिटं गंभीर व्हायचा, जहाज पुढच्या ग्रहाकडे निघायचं आणि आजी तांदूळ पाखडायला.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की हा सिद्धांत जगभर 'रेड शर्ट' या नावाने प्रसिद्ध आहे. सुरक्षारक्षकांचा गणवेश लाल, आणि मरायचं काम बहुतेक त्यांच्याकडे. पण आजीच्या शोधाची थोरवी वेगळीच आहे. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता! लाल, निळा, पिवळा, सगळे शर्ट राखाडी. मग तिला कळायचं कसं? मी एकदा विचारलंच. ती म्हणाली, "अरे, त्याला कुणी नावाने हाक मारतंय का बघ. ज्याचं नाव घेत नाहीत, तो गेला."

या नियमापुढे रंगाचा नियम लंगडा पडतो. इंजिनिअर स्कॉटी आणि संदेश सांभाळणारी उहुरा दोघंही लालच घालायचे आणि दोघंही शेवटपर्यंत टिकले. कारण त्यांना हाक मारायला नावं होती.

आपल्याकडे पाहुणा आला की त्याला न फुटलेला कप, कोपऱ्यातली बरी खुर्ची आणि एरवी कपाटात असलेली काजू कतली मिळते. तिकडे मालिकेत एका भागापुरत्या आलेल्या पाहुण्याला मरण मिळतं. त्यामागे सरळ हिशेब आहे. कर्कला पुढच्या आठवड्यात कामावर हजर राहायचंय. त्याचा हात तुटून चालत नाही, त्याचं लग्न होऊन चालत नाही. म्हणून जे काही व्हायचं ते पाहुण्याला होतं. १९६७च्या एका भागात जोन कॉलिन्स आली. १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये गरिबांना जेवू घालणारी एडिथ कीलर. कर्कचा तिच्यावर जीव जडतो आणि तेवढ्यात कळतं, की ही बाई जगली तर पुढचा सगळा इतिहास बिघडेल, महायुद्ध जर्मनी जिंकेल. तेव्हा मोटारीखाली सापडणाऱ्या तिला कर्कने वाचवायचं नाही. आजीला यातलं अक्षर कळलं नाही, पण तिने ताट खाली ठेवलं. बाईला नाव होतं, तरी गेली. त्यावर आजीने पोटनियम केला : "नायकाच्या मनात लग्नाचं आलं, की मुलीने नाव असूनही जपून राहावं."

जो पाहुणा मरत नाही, त्याची मात्र धास्ती घ्यावी. त्याच वर्षी खान नूनियन सिंग नावाचा एक पाहुणा येऊन गेला. नाव असं, की एकाच माणसात तीन शेजारी राहत असावेत. मूळ उत्तर भारतातलं आणि बहुधा शीख, असं जहाजावरच्या इतिहासकार बाई सांगतात. भूमिका केली होती मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंटलबान यांनी. जहाज बळकावायचा त्याचा डाव फसतो आणि कर्क त्याला एका ग्रहावर सोडून देतो. १९८२च्या सिनेमात हाच खान सूड घ्यायला परत येतो आणि त्याचं गाऱ्हाणं काय, तर इतक्या वर्षांत कर्कने एकदाही साधी चौकशी केली नाही! हे दुखणं मी ताबडतोब ओळखलं. आमच्याकडे एक मामा याच मुद्द्यावर लग्नात जेवले नव्हते.

पुढे चाळीत केबल आली आणि तिच्यावर नवं 'स्टार ट्रेक' आलं, 'द नेक्स्ट जनरेशन', १९८७ साली सुरू झालेलं. टीव्ही रंगीत झाला होता, कॅप्टनला टक्कल पडलं होतं आणि आजीला मोतीबिंदू. पण ताट तेच.

इथे बडे लोक स्वतःहून पाहुणे यायला लागले. व्हूपी गोल्डबर्ग लहानपणी उहुराला बघून हरखली होती, म्हणून मोठी झाल्यावर तिने काम मागितलं. निर्मात्यांना आधी ते खरंच वाटेना. तिला जहाजावरचा बार चालवायला दिला. फ्लीटवूड मॅक या बँडचा ढोलिया मिक फ्लीटवूड १९८९च्या एका भागात आला, तर त्याला माशाचं तोंड चढवलं. त्यासाठी त्याने म्हणे दाढी काढली. म्हणजे ज्या चेहऱ्याने लोक ओळखतात तो आधी भादरला आणि मग उरलेलाही झाकून टाकला. त्याच्या जमातीला अंतराळप्रवास सोसत नाही, म्हणून हे मासेलोक प्रवासभर ताठ उभे राहून बेशुद्ध असतात आणि जाग आली की टबभर खाणं ओरपतात. एसटी लागते म्हणून ठाण्यापासून महाबळेश्वरपर्यंत डोळे मिटून बसणारी आणि उतरल्या उतरल्या भज्यांवर तुटून पडणारी माझी मावशी मला आठवली.

हे मासे खरे घातपाती आहेत, हे ओळखणारी बाईही पाहुणीच, आणि ती जहाजावर स्वतःसाठी नवरा शोधत असते. हे काम मॅजेल बॅरेटचं. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांची ती बायको. जहाजाचा कॉम्प्युटर बोलायचा तोही तिच्याच आवाजात. म्हणजे मालकीणबाई पाहुणी म्हणून येणार, आणि त्या गेल्या तरी भिंतीतून आवाज त्यांचाच येणार. आमच्या आईने सासूबद्दल नेमकं हेच म्हटलं होतं. अर्थात आजी आंघोळीला गेल्यावर.

आजीला जो एकच प्रसंग अथपासून इतिपर्यंत समजला, तो मूळचा जून १९९३चा. डेटा नावाचा यंत्रमानव पत्ते खेळायला तीन शास्त्रज्ञ जमवतो. खोटी माणसं खरी वाटावीत अशी एक खोली जहाजावर असते, त्या खोलीत. न्यूटन आणि आइन्स्टाईन झाले होते नट. तिसरे स्टीफन हॉकिंग मात्र खुद्द आले होते, आपल्या खुर्चीसकट. 'स्टार ट्रेक'मध्ये स्वतःचंच काम करण्याचा मान त्यांनी पहिल्यांदा मिळवला. न्यूटन लग्नघरातल्या रुसलेल्या काकासारखा कुरकुरत असतो. सफरचंदाचा विषय निघाला की तर फारच. हॉकिंग फसवताहेत अशी आइन्स्टाईनची खात्री असते. आणि हॉकिंगच्या हातात निघतात चार सारखी पानं!

आजी मेंढीकोटातली पट्टीची खेळाडू. न्यूटनचं आणि तिचं काही देणंघेणं नव्हतं. डाव सुरू होताच ती म्हणाली होती, "त्या खुर्चीतल्याला हलका धरू नका रे. न हलणाऱ्याच्याच हातात पानं असतात." डाव झाल्यावर मी तिला सांगितलं, की हा माणूस खरा आहे, खऱ्या नावाने आलाय. ती समाधानाने म्हणाली, "मग त्याला काय होतंय?" ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या हॉकिंगबद्दलच्या सगळ्या अंदाजांपेक्षा जास्त बरोबर निघाली. सेटवर त्यांनी कॅप्टनच्या खुर्चीत बसायची इच्छा व्यक्त केली आणि त्यांना उचलून तिथे बसवलं. प्रकाशाहून वेगाने जाणारं इंजिन दाखवल्यावर ते म्हणाले म्हणे, की त्याच्यावर माझं काम चालू आहे.

त्याच्या एकच महिना आधी मे जेमिसन येऊन गेली होती. १९९२च्या सप्टेंबरात एंडेव्हर यानातून ती खरोखरची अंतराळात जाऊन आली होती. अशी बाई घरी आली तर आपण सत्यनारायण घातला असता. त्यांनी तिला माणसं चमचमवून इकडून तिकडे पाठवायच्या यंत्रापाशी उभं केलं, दोनचार वाक्यं दिली, आणि ती खुशीत करून गेली.

आजीचा नियम मोडणारा पाहुणा आला तो १९९६ साली, 'व्हॉयेजर' या पुढच्या मालिकेत. जॉर्डनचा राजपुत्र अब्दुल्ला. नट-संघटनेचा सभासद नसल्यामुळे त्याला एकही वाक्य देता येईना. पात्राला नाव नाही, तोंडाला शब्द नाही. आजीच्या शास्त्राप्रमाणे हा गेलाच होता. पण तीन वर्षांनी तो जॉर्डनचा राजा झाला. तोवर आजी राहिली नव्हती. असती तर म्हणाली असती, "त्याचं बाहेर नाव होतं."

आता माझं. चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका मराठी मालिकेचं शूटिंग होतं. रस्त्यावरून जायला माणूस हवा होता. एक पोरगा म्हणाला, "ओ काका, भाजीची पिशवी घेऊन इथून तिथे जायचं. बोलायचं नाही, कॅमेऱ्यात बघायचं नाही." माझा बारीक चौकड्यांचा शर्ट कॅमेऱ्यात झिरमिळतो म्हणून त्यांनी मला दुसरा दिला. मी सहा वेळा गेलो. सहाव्यांदा मेथी गळून नुसत्या काड्या उरल्या होत्या. एक वडापाव मिळाला.

त्या रात्री सोसायटीतली अकरा माणसं आमच्याकडे जमली. पडद्यावर माझं कोपर आणि पिशवी दिसली. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मग करकचून ब्रेकचा आवाज आला, रस्त्यावर मेथी पसरली आणि खलनायक मोटारीतून उतरून म्हणाला, "कुणीतरी मेलं वाटतं."

मी मेलो हे मला टीव्हीवरून कळलं.

बायको म्हणाली, "अहो, त्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?" नव्हतं. पण दिवसभर सगळे मला 'ओ काका' म्हणत होते, नाव एकानेही विचारलं नव्हतं, आणि अंगात घालायला दिलेला शर्ट लालभडक होता. तांदळाचं ताट घेऊन कुणी शेजारी बसलेलं असतं, तर मला सकाळीच कळलं असतं.