वशिल्याची टपाल

घरात स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या माणसाला नातेवाईक दोन प्रश्न विचारतात. फुकट मिळतंय ते सोडून हे कशाला? आणि याचे पैसे मिळतात का? दोन्हींना माझ्याकडे उत्तर नाही. पण उत्तर नाही म्हणून गप्प बसण्याची पद्धत पुण्यात नाही, तेव्हा मी म्हणतो, "माझी पत्रं माझ्या घरात राहतात." राहतात खरी. टीव्हीच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सला खेटून, काड्यापेटीहून जरा मोठ्या, रास्पबेरी पाय नावाच्या संगणकामध्ये.

पत्रं घरात ठेवणं सोपं, घराबाहेर काढणं कठीण. जॉन पोस्टेलने १९८२ साली ईमेल पाठवण्याचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम लिहिले तेव्हा जग सभ्य असावं. एका यंत्राने आपलं नाव सांगून नमस्कार करायचा, दुसऱ्याने २५० हा आकडा उच्चारून 'बरं' म्हणायचं. कोणाकडून, कोणाला, मग मजकूर. शेवटी एका ओळीवर एकटं टिंब, की पत्र संपलं. पासवर्ड कोणी विचारत नसे, आणि परक्याचं पत्र पुढे सरकवणं हा शेजारधर्म होता. तो शेजारधर्म जाहिरातवाल्यांनी खाऊन टाकला.

आता घरगुती जोडणीवरून थेट पत्र पाठवायला गेलं, तर पंचवीस नंबरचं पोर्ट बहुधा बंदच असतं. उघडं असलंच, तर समोरचा सर्व्हर आधी तुमचा आयपी पत्ता हुंगतो. स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेची एक यादीच आहे. ज्या पत्त्यांवरून थेट मेल निघणं अपेक्षित नाही, ते पत्ते तिच्यात असतात. तुम्ही गुन्हा केलेला नसतो, पत्ता घरगुती असतो एवढंच. म्हणजे सरकारी कचेरीसारखं: अर्ज बिनचूक असून भागत नाही, आत कोणी ओळखीचं लागतं.

ही ओळख म्हणजे आपला इंटरनेटवाला. आपण पत्र त्याच्या सर्व्हरकडे द्यायचं आणि त्याने स्वतःच्या अब्रूवर ते पुढे न्यायचं. माझ्याकडे टपाल हाताळतो तो पोस्टफिक्स हा प्रोग्राम; त्यात यासाठी 'रिलेहोस्ट' नावाची एक ओळ लिहावी लागते. सर्व्हरच्या नावाभोवती चौकोनी कंस, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि पोर्टचा नंबर, ५८७. कंस शोभेचे नाहीत. ते नसले तर पोस्टफिक्स आधी चौकशी करतो की या नावाची टपाल स्वीकारतं कोण, आणि भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. कंस घातले की निमूट सांगितलेल्या घरी जातो. वीत्से वेनेमा या गृहस्थांनी पोस्टफिक्स घडवला, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण एवढं महत्त्वाचं काम कंसांवर सोपवायला धाडस लागतं.

इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरचं नाव विचारायला मी त्याच्या ग्राहकसेवेला फोन लावला.

"सर, आउटलुक उघडा."

"आउटलुक नाही हो ताई, माझा स्वतःचा सर्व्हर आहे."

"सर, सर्व्हर आमच्याकडे असतो."

एवढं नेमकं विश्लेषण मी एकाही तांत्रिक पुस्तकात वाचलेलं नाही. पुढे त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी केलाही, मोठ्यांचं ऐकावं.

नाव मिळालं, पासवर्ड मिळाला, तरी वशिल्याला अटी असतातच. पत्रावर माझ्या डोमेनचा पत्ता पाहून त्यांच्या सर्व्हरने ते तूर्तास अडवलं: हा पत्ता तुमचा नाही. माझा नाही तर कोणाचा? तो माझा असल्याचं त्यांच्या नोंदीत चढवावं लागलं. तोवर मामेभावाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा रांगेत पडून होत्या. अडकलेलं पत्र पोस्टफिक्स एरवी पाच दिवस चिकाटीने पाठवत राहतो आणि मगच हात टेकतो. शुभेच्छा पोचल्या. मामेभावाने त्या पुढच्या वर्षीच्या धरल्या.

ज्यांना हा उद्योग करायचाच आहे त्यांनी इंटरनेटवाल्याचा पासवर्ड ठेवलेली फाइल बदलल्यावर 'पोस्टमॅप' ही आज्ञा चालवावी, नाहीतर पोस्टफिक्स जुनाच पासवर्ड सांगत राहतो. ती फाइल रूट या मुख्य वापरकर्त्याखेरीज कोणाला वाचता येणार नाही असं करावं, कारण आत पासवर्ड उघडाच असतो. आणि निरोप तातडीचा असेल तर सरळ फोन करावा.