मेनूकार्डावरचा धर्म

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ‘जैन’ हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो: हॉटेलच्या मेनूकार्डावर आणि शेतातल्या ठिबकच्या नळीवर. कांदा-लसूण खात नाहीत, दुकान चालवतात, घरी मारवाडी नाहीतर गुजराती बोलतात. झाला आपला धर्माचा अभ्यास!

सैतवाळ आणि कासार जैन पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. तरी ‘तुमचं मूळ गाव राजस्थानात कुठं?’ असं त्यांना विचारणारे महाभाग आहेतच. मराठीतल्या जुन्यात जुन्या शिलालेखांपैकी एक श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी कोरलेला आहे. अभिजात मराठीचे पेढे वाटणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

दुसरी लोणकढी: जैन धर्म महावीरांनी काढला. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. पार्श्वनाथ तेविसावे तीर्थंकर, महावीर चोविसावे. चोविसाव्यानं सुरुवात केली, तर आधीचे तेवीस काय करत होते?

सगळ्यात गाजलेली थाप पारावरची: ‘नांगराखाली किडे मरतात, म्हणून जैन शेती करत नाहीत.’ मग कोल्हापूर-सांगलीकडचे जैन शेतकरी ऊस काय वहीत लावतात? लोकांना शेती शिकवली ती पहिल्या तीर्थंकरांनी, ऋषभदेवांनी, असं जैन परंपराच सांगते. साधूची महाव्रतं वेगळी, गृहस्थाची अणुव्रतं वेगळी. गृहस्थानं जाणूनबुजून जीव मारायचा नाही. पोटासाठी राबताना जी हिंसा टळत नाही, ती होईल तितकी कमी करायची. आपण दोन्हींची खिचडी केली, तीही बिनकांद्याची.

अहिंसा म्हणजे नुसतं हातावर हात ठेवून बसणं, असंही काहींना वाटतं. 2018 च्या उन्हाळ्यात आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेनं यंत्रं लावून तलाव-नाल्यांतला गाळ उपसला. तो गाळ शेतकऱ्यांनी आपल्या वावरात नेऊन टाकला. त्यावर पीक घेताना कोणी ‘जैन की रेग्युलर?’ असं विचारलं नाही.

तलावातला गाळ यंत्रानं निघतो. डोक्यातला काढायचा तर शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसावं लागेल. फक्त सूर्यास्ताच्या आत जा, म्हणजे जेवूनच याल.