काटा मध्यावर येईपर्यंत

रोलच्या कॅमेऱ्यावर हाताने उजेड जुळवायला शिकायचं, तर आधी घरात एक काका असावा लागतो. बोरिवलीला आमचे अण्णाकाका होते आणि त्यांच्याकडे पेंटॅक्स के-१०००. १९७६ साली निघालेला हा कॅमेरा बॅटरीवाचूनही चालतो. बॅटरी लागते ती फक्त मीटरच्या काट्याला. अण्णाकाका मात्र काट्यावाचून चालत नसत.

नियम पहिला : रोलवरचा एएसए, म्हणजे फिल्म उजेडाला किती हळवी आहे तो आकडा, आधी कॅमेऱ्याला सांगावा. नाहीतर मीटर शपथेवर खोटं बोलतं.

नियम दुसरा : अॅपर्चरचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. २ म्हणजे दार सताड उघडं, १६ म्हणजे किलकिलं. नवख्याला हे उलटं वाटतं. पण भाव चढत जातो तशी खोली आकसते, हे उपनगरात जागा शोधलेल्याला काय शिकवायचं! ८ ला शटर १/२५० बरोबर असेल, तर ११ ला १/१२५. छिद्र निम्मं, वेळ दुप्पट.

नियम तिसरा : लख्ख ऊन असेल तर मीटर बघूच नये. १०० चा रोल, अॅपर्चर १६, शटर १/१२५. खुशाल बटण दाबावं. हे काकांना ठाऊक होतं. तरीही बारा माणसं उन्हात उभी करून ते काटा खालीवर करत बसत. तो मध्यावर येईपर्यंत धाकटा रडून झोपलेला असे आणि बाकीच्यांचं हसू वाळलेलं.

मीटरला सगळं जग राखाडी वाटतं. आत्याच्या पांढऱ्या साडीवर काटा जुळवला, तर साडी मळकी येते आणि आत्या दिवाळीपर्यंत बोलत नाही. म्हणून त्याच उजेडात आपला तळहात धरून मोजावं आणि वर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, द्यावा. ही युक्ती काकांचीच. मला तिने अजून दगा दिलेला नाही.

१/६० च्या खाली गेलात की श्वास रोखा.

आता शेवटचा नियम, जो खरं तर पहिला हवा होता. रोल पुढे सरकवायला लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते का, ते बघावं. कान्हेरीला आम्ही बघितलं नाही. तिसऱ्या लेण्यात, चैत्यगृहात, बाहेर डोळे दिपवणारं ऊन नि आत मिट्ट काळोख. काकांनी खांबाला खांदा टेकवला, २ वर १/८ लावलं आणि हात जराही न हलवता फोटो काढला. मग नेहमीप्रमाणे वहीत टिपून घेतलं. छत्तीस फोटो झाले तरी लिव्हर ओढला जातच होता. सदतीस, अडतीस. "दोन फुकट!" काका खूश. एक्केचाळिसाव्याला काकू म्हणाली, "अहो, आत रोल फिरतोय ना?"

कान्हेरीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. वही आहे. तिच्यात लिहिलंय : चैत्यगृह, २, १/८, उत्तम.