आठशेवाले काका

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आठशेवाल्या काकांचे उत्पादन मात्र अद्याप चालू आहे. पुणे, ठाणे, नाशिक, सांगली अशा शहरांतील जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हा प्रकार हमखास आढळतो. वय साठीच्या पुढे. बँक, विमा किंवा वीज मंडळातून निवृत्त. गाडी सत्त्याण्णवच्या आसपासची, कार्ब्युरेटरची, एकेकाळी पांढरी. गाडीला कापडी कव्हर असते आणि कव्हरच्या नाड्यांना काकांखेरीज कोणी हात लावायचा नसतो.

काकांना कंजूष समजणे हा निरीक्षणातला दोष आहे. कंजूष माणूस जुनी गाडी परवडत नाही म्हणून नवी घेतो. पंधरा वर्षे झाली की खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, वर पर्यावरण कर भरावा लागतो. २०२२ मध्ये मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले, तेही काकांनी भरले. एवढ्या पैशांत त्यांना मिळतो तो बॉनेट उघडण्याचा हक्क. मुलाच्या नव्या गाडीचे बॉनेट उघडले की आत काळे प्लास्टिकचे झाकण दिसते आणि काकांना कोणी तोंडावर दार लावल्यासारखे वाटते. आठशेमध्ये सगळे उघड्यावर असते. बिघाड डोळ्यांना दिसावा, हाताला लागावा आणि त्यावर आपले काही मत असावे, एवढीच या माणसाची मोटारीकडून अपेक्षा आहे. ती अपेक्षा पुरवण्यात अल्टरनेटरचा हात कोणी धरणार नाही.

बॅटरीचे मुख्य काम सेल्फ मारण्याचे. इंजिन चालू झाले की स्पार्क, दिवे, वायपर, पंखा या सर्वांना वीज पुरवायची आणि बॅटरीत खर्च झालेली भरून काढायची, ही कामे अल्टरनेटर करतो. इंजिनच्या पुलीवरून बेल्टने फिरणारा हा डबा आत प्रत्यावर्ती प्रवाह तयार करतो, डायोडची प्लेट तो सरळ करते आणि रेग्युलेटर त्याचा दाब चौदा व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. पंचवीस वर्षांत कार्बन झिजतात, बेअरिंग घरघरते, एखादा डायोड जातो. चार्जिंग थांबते, तरी गाडी बॅटरीवर चालत राहते. या काळात काका सिद्धान्त मांडतात.

पहिला सिद्धान्त टर्मिनलचा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरे चढलेले असतेच. काका त्यावर गरम पाणी ओततात, ब्रशने घासतात, व्हॅसलीन लावतात. दुसरा बॅटरीचा. ती दुकानात रात्रभर चार्जिंगला लावली की सकाळी गाडी अर्ध्या सेल्फवर सुरू होते आणि सिद्धान्त सिद्ध होतो. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा उतरते. मग नवी बॅटरी येते. तिलाही भरणारे कोणी नसल्यामुळे तीही उतरते आणि काका बॅटरी कंपन्यांच्या एकूण नैतिक घसरणीवर बोलू लागतात.

वास्तविक गाडीने सूचना दिलेली असते. सिग्नलला उभे असताना हेडलाइट पिवळे पडतात, हॉर्नचा घसा बसतो, वायपर काचेच्या मध्यावर विचार करत थांबतो. शिवाय डॅशबोर्डवर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. चावी फिरवल्यावर तो लागावा आणि इंजिन सुरू होताच विझावा. चालत्या गाडीत लागला तर चार्जिंग होत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. काकांच्या गाडीत तो कधीच लागत नाही, कारण पूर्वी एकदा उगाच लागतो म्हणून त्यांनी बल्बच काढून ठेवलेला असतो. पुष्कळ जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा चुंबकत्वापुरता प्रवाह याच बल्बमधून मिळतो. बल्ब नसेल तर चांगला अल्टरनेटरसुद्धा कमी वेगात जागा होत नाही. ही माहिती इलेक्ट्रिशियन देतो तेव्हा काका म्हणतात, "ते मला माहीत आहे."

हिशेब मात्र काकांचा पक्का असतो. पंचावन्न वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे नऊ अँपिअर. स्पार्क, रेडिएटरचा पंखा, वायपर धरून पंधरा. बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. म्हणजे पावसाळी रात्रीसुद्धा दोन तास गाडी चालायला हरकत नाही. कागदावर हे बरोबर आहे. बॅटरी मात्र आधीच अर्धी असते आणि कात्रजचा घाट कागदावर नसतो.

गाडी बंद पडली की धक्क्याचा अध्याय येतो. काका स्टीअरिंगवर बसतात. मागे वॉचमन, इस्त्रीवाला आणि जिमहून परतणारी दोन मुले. दुसरा गिअर, चावी ऑन, वेग आला की क्लच सोडायचा, हे शास्त्र काका खिडकीतून मान बाहेर काढून समजावतात. धक्क्याने इंजिन फिरते, पण स्पार्कसाठी इग्निशन कॉइलला थोडी तरी वीज लागते. बॅटरी पार बसली असेल तर सोसायटीला तीन फेऱ्या घालूनही फक्त मुलांचा व्यायाम होतो. शेजारच्यांकडे जंपर केबल मागितली तर त्यांना आपल्या गाडीच्या कॉम्प्युटरची काळजी वाटते. काका त्यांना मनातून कायमचे खाली उतरवतात.

अखेर ऑटो इलेक्ट्रिशियन येतो. जुन्या वळणाचा असेल तर चालत्या इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून बघतो: गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला. ही परीक्षा फियाट आणि अँबॅसेडरच्या डायनॅमोच्या काळातली आहे. अल्टरनेटरला ती मानवत नाही. बॅटरीचा आधार सुटताच त्याचा व्होल्टेज उसळतो, डायोड किंवा रेग्युलेटर उडतो आणि चांगला अल्टरनेटर परीक्षेतच नापास होतो. इंजेक्शनच्या गाडीत तर संगणकही सोबत जाऊ शकतो. योग्य परीक्षा मल्टिमीटरची. बंद गाडीत भरलेली बॅटरी साडेबारा-पावणेतेरा व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाल्यावर काटा पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. बाराच्या घरातच रेंगाळला तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेला, मग बॅटरी उकळते आणि बल्ब भराभर उडतात.

निदान झाल्यावर खरेदी. पुण्यातले काका नाना पेठेत जातात, मुंबईतले कुर्ल्याला. पर्याय तीन: नवा, रिकंडिशन केलेला आणि भंगारातून निघालेला. शहाणा मनुष्य आधी विचारील की आहे त्यातच कार्बन, बेअरिंग आणि रेग्युलेटर बदलून भागते का. बरेचदा भागते आणि स्वस्तात भागते. वाइंडिंग जळले असेल तर नवा घ्यावा. काकांची नजर मात्र भंगारातल्यावर असते, कारण सुरुवातीच्या मारुतीत पुष्कळ भाग जपानहून येत आणि "जपानी माल" अजून कुठेतरी शिल्लक आहे यावर त्यांची श्रद्धा आहे.

दुकानात काका अल्टरनेटर दोन्ही हातांत घेतात, वजन करतात, पुली अंगठ्याने फिरवून कानाशी नेतात. रवाळ आवाज आला तर बेअरिंग गेले, हे त्यांना खरोखर कळते. मग पुलीची खाच, बोल्टच्या कानांतले अंतर, मागचा कपलर जुन्याशी ताडून बघतात. एसीच्या गाडीला जास्त अँपिअरचा लागतो, हे दुकानदाराने सांगण्याआधी सांगतात. एवढा वेळ दुकानदार दुसऱ्या तीन गिऱ्हाइकांना माल देतो.

बसवण्याचे काम रविवारी सकाळी पार्किंगमध्ये होते. काम इलेक्ट्रिशियनचा पोरगा करतो, काका बॅटरी धरतात, म्हणजे हातातली. काका बोलले की हात हलतो, हात हलला की उजेड रेडिएटरवर जातो आणि पोरगा अंधारात पाना शोधतो.

"काका, इकडे दाखवा."

"दाखवतोय. आधी निगेटिव्ह काढलास ना?"

हा प्रश्न रास्त आहे. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते. चावी बंद असली तरी तिच्यात वीज खेळते आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. पुढचा क्रम सरळ आहे: ताणाचा बोल्ट आणि खालचा लांब बोल्ट ढिले करायचे, अल्टरनेटर इंजिनकडे ढकलून बेल्ट उतरवायचा, कपलर आणि जाड वायरीचा नट काढायचा, डबा बाहेर. लांब बोल्ट गंजून जाम असतो, त्याला तेल सोडून चहा घ्यावा लागतो. काकू चहा पाठवतात. त्यांना दुपारी तुळशीबागेत जायचे असते, आणि रिक्षाने जायचे त्यांनी शुक्रवारीच ठरवलेले असते.

नवा बसवताना सगळा वाद ताणाचा. हातोडीच्या लाकडी दांड्याने अल्टरनेटर बाहेर रेटून बोल्ट आवळतात. लोखंडी टॉमी लावली तर ॲल्युमिनियमची बॉडी तडकते. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर आत जावा. सैल राहिला तर सकाळी किंचाळतो आणि चार्जिंग कमी होते. फार ताणला तर बेअरिंगे खातो, आणि आठशेत हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. पोरगा अंगठा लावतो, काका अंगठा लावतात. दोन अंगठ्यांत चाळीस वर्षांचे अंतर असते. बोल्ट तीनदा ढिला होऊन तीनदा आवळला जातो आणि शेवटी पोरग्याच्या पहिल्याच जागेवर येतो.

बल्ब परत बसवला जातो. काका चावी फिरवतात; लाल दिवा लागतो, इंजिन सुरू होताच विझतो. मीटर चौदा पूर्णांक एक. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळे लावून तेरा पूर्णांक सात. काका हे आकडे वॉचमनला सांगतात, लिफ्टमध्ये भेटणाऱ्याला सांगतात, संध्याकाळी मुलाला फोनवर सांगतात. मुलगा "विका ना ती, बाबा" म्हणतो. त्याला सिंहगडावर निघण्याची वेळ कळवली जाते.

जुना अल्टरनेटर दुकानदार एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार असतो. काका देत नाहीत. तो वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, एक कार्ब्युरेटर आणि दोन डिस्ट्रिब्युटर कॅप यांच्या शेजारी जातो. "त्याचे नुसते कार्बन गेलेत," असे काकूंना सांगितले जाते. बेल्टही नवा घातलेला असतो; तो थोडा सैल पडतो, म्हणून पंधरवड्याने पुन्हा आवळावा लागतो. ते काम काका पोरग्याला न बोलावता स्वतः करतात आणि बोल्ट नको तितका आवळून ठेवतात.