शास्ती भरा, सुखाने राहा

परवानगीशिवाय मजला चढवला की तो बेकायदा. इथवर सरळ. पुढे महापालिका अधिनियमाचे कलम २६७अ: अशा घराला मालमत्ता कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती, दरवर्षी. ती भरली म्हणून मजला कायदेशीर होत नाही, हेही तिथेच. पाडायला मुहूर्त सापडत नाही; पावती मात्र वेळेवर फाटते! पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीची थकबाकी निवडणुकांत गाजली आणि २०२३ मध्ये, मूळ कर भरण्याच्या अटीवर, माफही झाली. ज्याने नकाशा मंजूर करून घेतला, पार्किंगला शटर लावून किराणा थाटला नाही, भोगवटा प्रमाणपत्रासाठी चपला झिजवल्या, त्याला काय माफ झाले? काही नाही. त्याने काही थकवलेच नव्हते ना!