शेजारच्या खुर्चीतल्या महाराजांस

प्रति,
श्रीमंत राजमान्य राजेश्री शेजारी-प्रेक्षक महाराज,
मुक्काम : शुक्रवारचा संध्याकाळचा खेळ, माझ्या उजव्या हाताची खुर्ची.

सादर प्रणाम, विनंती विशेष.

आपली-माझी रीतसर ओळख नाही. आपला चेहरा दर आठवड्याला निराळा असतो, वयही निराळं असतं. पण बाणा एकच, त्यामुळे काळोखातही मी आपल्याला बरोबर ओळखतो. मी दर शुक्रवारी सिनेमा बघतो आणि घरी येऊन एका वहीत त्याबद्दल चार ओळी खरडतो. हल्ली त्या चारातल्या तीन ओळी आपल्यावरच खर्ची पडतात. माझं मन इतकं दुसऱ्या कोणी व्यापलेलं नाही, घरच्यांनीसुद्धा नाही, तेव्हा आपले जाहीर आभार मानणं क्रमप्राप्त आहे.

प्रथम आपल्या आगमनाविषयी. हिचकॉकने १९६० साली ‘सायको’ सुरू झाल्यावर कोणालाही थिएटरात सोडायचं नाही असा दंडक घातला होता. आपल्या पायधुळीची महती बिचाऱ्याला कळली नव्हती. आपण दहाव्या मिनिटाला येता, मोबाइलचा टॉर्च रांगेतल्या एकेकाच्या तोंडावर मारत, ‘जरा पाय घ्या, जरा पाय’ करत. पॉपकॉर्नचा टब माझ्या डोक्यावरून नेता आणि चार लाह्या प्रसाद म्हणून माझ्या मांडीवर सोडता. टेकल्या टेकल्या विचारता, ‘काय झालं हो आत्तापर्यंत?’ मी सांगू लागलो की पुढची पाच मिनिटं माझीही बुडतात. दुसऱ्याचं नुकसान आपलं मानावं, ही शिकवण मला आपल्यामुळे मिळाली.

आपली बुद्धी तर दिग्दर्शकाच्या दोन पावलं पुढे धावते. श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ २०१८ साली आला. आयुष्मान खुरानाचा पियानोवादक खरोखर आंधळा आहे का, हे दिग्दर्शक त्याच्या सवडीनं सांगणार होता. आपण दुसऱ्यांदा आला होतात, म्हणून बरं. आपण टेकल्यावर पाचव्या मिनिटालाच पत्नीला, आणि पर्यायानं तीन रांगांना, सांगितलंत, ‘ह्याला सगळं दिसतं, बघ तू!’ नंतर पुण्यातला रस्ता दिसला रे दिसला की आपण तो बोट करून ओळखायचात. कुठलं दुकान, कुठला सिग्नल, आपली मेव्हणी पूर्वी कुठे राहायची. पडद्यावर खून झाला तेव्हा आपण पार्किंगच्या दरांवर बोलत होता. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे : ‘मेव्हणी आता वाकडला असते.’

आपल्या फोनबद्दल काय बोलावं! तो वाजतो, आपण तो घेता, तोंडापुढे हाताचा द्रोण धरता आणि ‘पिक्चरला आलोय, बोल’ म्हणता. त्या द्रोणातून आवाज बाहेर येत नाही, ही आपली श्रद्धा मला भारी लोभस वाटते. पलीकडचा माणूस ‘नंतर करतो’ म्हणत असतो आणि आपण त्याला म्हणता, ‘नाही नाही, बोल की.’

शिवाय नायकाच्या एन्ट्रीचं चित्रण करून आपण स्टेटसला ठेवता. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. पडद्यावरचा सिनेमा विनापरवाना टिपून त्याची चोरटी प्रत करणाऱ्याला किमान ३ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद. दंड ३ लाखांपासून पुढे, थेट निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. आपला हेतू चोरीचा नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. मामेभावंडांच्या गटाला तिरका, हलणारा नायक दिसावा म्हणून माणूस एवढ्या जवळून तुरुंगाच्या दारावरून जातो, ही निष्ठाच म्हणायची.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला आपण आला होतात, हा तर माझा बहुमान. कॅमेरा जागचा हलेना, तेव्हा ‘कॅमेरामन चहाला गेला वाटतं’ असा शेरा आपण मारलात. शेवटाकडे न्यायालयाला सुटी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. आपण तत्क्षणी उठलात, ‘संपला’ असा निकाल दिलात, आणि निम्मी रांग आपल्यामागून उठली. पडदा पुन्हा उजळला. न्यायाधीशमहाराज सहकुटुंब सहलीला गेलेले. एका माणसाचं आयुष्य तारखांवर तारखा देऊन लोंबकळत ठेवणारा हा गृहस्थ बाकावर डुलक्या काढतोय. हे मी आपली काख आणि आपली सॅक यांच्या मधल्या फटीतून पाहिलं. बाहेर जिन्यात आपण सर्वांना सांगत होतात, ‘एन्ड काही केलाच नाही लेकाच्यांनी.’

पुण्याच्या फिल्म आर्काइव्हमध्ये दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ लागला, तेव्हाही आपण आलात. बाहेर ऊन फार होतं. १९३६ सालच्या त्या गरुडाला पाहून आपण खो खो हसलात आणि नंतर घोरलात. घोरणं त्यातल्या त्यात बरं होतं.

आता ‘सैराट’. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्या वाचकांनी हा भाग गाळावा, महाराजांइतकं उदार मला होता येत नाही. एक गैरसमज आधीच दूर करतो : मला आवाजाचं वावडं नाही. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात ‘झिंगाट’ सुरू झालं की लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत होते. शिट्ट्या, आरोळ्या, कोणाची टोपी हवेत. मीही माझ्या परीनं पाय हलवले. तो सगळा गोंगाट सिनेमाशीच चाललेला होता. पडद्यानं हाक मारली आणि लोकांनी ओ दिली. आपण मात्र तेव्हा खाली मान घालून फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत होतात. एवढ्या दंग्यात शांत राहिलेले आपण एकटेच.

आपण राखून ठेवलेला आवाज कशासाठी होता, ते मला शेवटी कळलं. अजय-अतुल यांनी ह्या सिनेमासाठी थेट हॉलिवूडला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह संगीत ध्वनिमुद्रित केलं. आणि एवढं सगळं हाताशी असताना नागराज मंजुळे यांनी शेवटी सगळं बंद केलं. वाद्य नाही, हुंदका नाही. नायक-नायिकेचं ते लहानगं पोर दारात येतं, रडतं, आणि त्याचं रडणंही ऐकू येत नाही. अख्खं थिएटर श्वास धरून बसलं होतं. नेमक्या त्या वेळी आपण सॅकमधून चोरून आणलेलं वेफर्सचं पाकीट काढलंत.

मी आपल्यावर हयगयीचा आरोप करणार नाही. आपण विलक्षण जपून वागलात. आवाज होऊ नये म्हणून ते पाकीट एका कोपऱ्यातून, दोन बोटांनी, थांबत थांबत उघडलंत. फर्र करून दोन सेकंदांत संपला असता तो आवाज आपल्या ह्या काळजीमुळे त्या पोराच्या लाल पावलांना शेवटपर्यंत पुरला. मग एक वेफर तोंडात ठेवलात आणि चावलाही नाहीत; मऊ होण्याची वाट बघत राहिलात. सगळे बघताहेत हे लक्षात येताच आपण पाकीट माझ्यापुढे धरलंत. ‘घ्या ना.’ टोमॅटोचे होते. आजही कोणी ‘सैराट’चं नाव काढलं की डोळे भरून येण्याआधी माझ्या नाकाशी तो टोमॅटो मसाला येतो.

एवढ्या उपकारांची अंशतः तरी फेड व्हावी म्हणून मी एक बेत केला आहे. येत्या शुक्रवारी मी दोन तिकिटं काढणार आहे, एक माझं आणि एक आपल्या खुर्चीचं. पैसे संपूर्ण माझे. आपण फक्त यायचं नाही. आपला पत्ता कळवल्यास मध्यंतराच्या सुमारास समोसे, मोठा पॉपकॉर्न आणि हवं ते पेय घरपोच पाठवीन. सिनेमा कसा होता, हे फोन करून सविस्तर सांगेन, शेवटासकट. फोन आपण कधीही घ्यावा, आपल्याला कोण अडवणार?

कळावे, लोभ असावा. मात्र येत्या शुक्रवारी सहा ते नऊ ह्या वेळेत तो घरूनच असावा.

आपला कृपाभिलाषी,
डावीकडचा

ता. क. : माझ्या मागच्या खुर्चीत आपले धाकटे बंधू बसतात, असं त्यांच्या गुडघ्यांवरून वाटतं. त्यांना स्वतंत्र पत्र लिहीत आहे. तोवर त्यांना निदान बूट बदलायला सांगावं, हल्लीचे फार टोकदार आहेत.